संघाचे संकेतस्थळ : हार की दार?



आकुर्डीच्या स्थानकावरून लोणावळ्याकडे निघालेली लोकल पुढे थांबते ती देहूरोडला. याच देहूरोड येथे २५ डिसेंबर १९५४ रोजी परमपूज्य बाबासाहेबांनी स्वहस्ते भगवान बुद्धांच्या मूर्तीची स्थापना केली. नागपूरच्या दीक्षेला तेव्हा जवळजवळ दोन वर्षांचा अवकाश होता. अशा भूमीच्या शेजारी राहणाऱ्या वाचकांपुढे आज आम्ही जो विषय मांडीत आहोत, तो पाहून कित्येकांच्या कपाळाला आठ्या पडतील. विषय आहे महाविद्यालयाच्या क्रीडासंघाच्या संकेतस्थळाचा. ‘पोटापाण्याचे, शिक्षणाचे, अत्याचाराचे प्रश्न आ वासून उभे असताना ही कसली चैन?’ असे आपण विचाराल. हा प्रश्न आपण अवश्य विचारावा. मात्र उत्तर ऐकून घेतल्यावाचून पान उलटू नये, एवढीच आमची विनंती आहे.

एके काळी आकुर्डी म्हटली की बजाजचा कारखाना डोळ्यांपुढे उभा राही. त्या कारखान्यातील वाहननिर्मिती २००७ साली थांबली आणि २०२२ साली तेथेच विजेवर चालणाऱ्या चेतकचा नवा कारखाना सुरू झाला. या मधल्या काळात आकुर्डीचे रूप पालटले. आज सकाळी आकुर्डी स्थानकावर उतरणाऱ्या गर्दीत खांद्यावर दप्तर अडकवलेली मुले-मुली मोठ्या संख्येने दिसतात. डी. वाय. पाटील यांच्या नावाची महाविद्यालये येथे आहेत. निगडी प्राधिकरणात १९९९ पासून पिंपरी चिंचवड अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. बाप ज्या वाटेने भोंग्याच्या वेळेस पाळीवर गेला, त्याच वाटेने लेक महाविद्यालयात जाते. हे परिवर्तन लहान नाही. पण महाविद्यालयाच्या फाटकातून आत गेलेल्या मुलाला त्या महाविद्यालयातील प्रत्येक दार उघडे असते काय? आमचा प्रश्न येथून सुरू होतो.

एक हकिगत सांगतो. नाव गावाचे नको, महाविद्यालयाचेही नको आणि मुलाचे तर मुळीच नको. कारण अशी हकिगत एका ठिकाणची नसते. चाकणच्या एका कारखान्यात कंत्राटावर काम करणाऱ्या आमच्या एका बांधवाचा मुलगा कबड्डीचा उत्तम चढाईपटू आहे. जयंतीच्या सामन्यांत त्याची चढाई पाहावयास वस्ती लोटते. महाविद्यालयात प्रवेश मिळाला तेव्हा संघात खेळण्याची मोठी आशा त्याने बाळगली होती. निवडचाचणी झाली, संघ निवडला गेला आणि त्यानंतर तिसऱ्या दिवशी त्याला ती वार्ता कळली! चौकशी केली तेव्हा उत्तर मिळाले, ‘जिमखान्याच्या फळ्यावर लावले होते, मुलांच्या ग्रुपवरही टाकले होते.’ फळा होता जिमखान्याच्या खोलीत आणि ग्रुप होता गेल्या वर्षीच्या खेळाडूंचा. महाविद्यालयाचे संकेतस्थळ उघडून पाहिले, तर क्रीडाविभागाच्या पानावर दोन वर्षांपूर्वीच्या करंडकाचे चित्र! करंडक अध्यक्षांच्या हाती, अध्यक्षांच्या दोन्ही बाजूंस विश्वस्त आणि ज्यांनी तो जिंकला ते खेळाडू मागच्या रांगेत. नावे त्यांची कोठेच नाहीत.

हे पान कोणासाठी लिहिले गेले? खेळू इच्छिणाऱ्या मुलासाठी नाही. सामना पाहू इच्छिणाऱ्या प्रेक्षकासाठीही नाही. महाविद्यालयांचे मूल्यांकन करणारी ‘नॅक’ ही संस्था विद्यार्थ्यांनी क्रीडास्पर्धांत मिळविलेल्या पारितोषिकांची संख्या विचारते. तपासणीची समिती यावयाची झाली की अशी चित्रे चढविली जातात आणि समिती गेली की पान निद्रिस्त होते. थोडक्यात, हे संकेतस्थळ म्हणजे संस्थाचालकांच्या गळ्यातील हार. आम्हाला हवे आहे ते दार.

आता कोणी म्हणेल, एक चाचणी हुकली तर एवढे काय आभाळ कोसळले? बंधूंनो, हिशेब समजून घ्या. महाविद्यालयाच्या संघातून आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा. तेथून आंतरविभागीय स्पर्धा. तेथून विद्यापीठाचा संघ. पुढे पश्चिम विभागाच्या आणि अखिल भारतीय आंतरविद्यापीठ स्पर्धा. आणि २०२० सालापासून खेलो इंडिया विद्यापीठ स्पर्धा. अशी ही एकाच जिन्याची पायरी-पायरी आहे. जो पहिल्या पायरीवर पाय ठेवू शकला नाही, त्याला वरचा मजला कायमचा बंद. महाराष्ट्र शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के समांतर आरक्षण आहे, दहावी-बारावीच्या परीक्षांत खेळाडूंना वाढीव गुण मिळतात, हे आपल्यापैकी किती घरांना ठाऊक आहे? मैदानावरचा घाम ज्या प्रमाणपत्राच्या रूपाने भाकरीत उतरतो, त्या प्रमाणपत्राचा उगम त्या फळ्यावरच्या चिठ्ठीत आहे. ती चिठ्ठी ज्याच्या दृष्टीस पडली तो खेळाडू झाला. ज्याच्या दृष्टीस पडली नाही तो प्रेक्षकही राहिला नाही.

आपणास महाडचा इतिहास मुखोद्गत आहे. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करणारा बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळाने १९२३ साली संमत केला. महाडच्या नगरपालिकेने १९२४ साली आपले तळे खुले असल्याचा ठराव केला. कागदावर तळे खुले झाले. परंतु २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी ओंजळीत पाणी घेईपर्यंत आपल्यापैकी एकाच्याही घशाखाली त्याचा थेंब उतरला नव्हता. खुले असणे आणि पोहोचता येणे यांत हे अंतर आहे. महाडला मार्गात काठ्या उभ्या होत्या. येथे कोणी काठी उगारीत नाही, हे आम्ही प्रामाणिकपणे मान्य करतो. येथे माणसाला अडविण्याची गरजच पडत नाही. त्याला नुसते न कळविले की काम भागते. ज्याच्या घरात पूर्वी कोणी महाविद्यालयात गेले, ज्याच्या शाळेचा क्रीडाशिक्षक महाविद्यालयाच्या शारीरिक शिक्षण संचालकाला ओळखतो, त्याला वार्ता आपोआप पोहोचते. पहिल्या पिढीचा विद्यार्थी मात्र वार्तेच्या बाहेर राहतो. आणि वार्तेच्या बाहेर राहणाऱ्यांत आपली मुले अधिक असतात, हे सांगावयास कोणा पंडिताची आवश्यकता नाही.

‘गुण असला की तो झाकत नाही’ असे सुभाषित आम्हाला ऐकविले जाते. त्याला उत्तर म्हणून आम्ही पुण्याच्याच मैदानावरील एका खेळाडूचे चरित्र पुढे ठेवतो. चर्मकार समाजात १८७६ साली जन्मलेले पाळवणकर बाळू यांना कोणत्याही क्लबाने जाहिरात देऊन बोलाविले नव्हते. पुण्यातील पारशी क्लबात महिना तीन रुपयांवर ते खेळपट्टी झाडीत आणि तीवर रूळ फिरवीत. पुढे युरोपियनांच्या पूना क्लबात चार रुपयांवर लागले. तेथे ग्रेग नावाच्या गोऱ्या फलंदाजाला सरावासाठी चेंडू टाकता टाकता त्यांची डावखुरी फिरकी तयार झाली. गोऱ्यांनी त्यांना चेंडू टाकू दिला. बॅट हाती दिली नाही. त्यांच्यावाचून सामना जिंकता येत नाही, असे ध्यानी आल्यावरच हिंदूंच्या क्लबाने त्यांना संघात घेतले; आणि संघात घेऊनही चहा मात्र मंडपाबाहेर, मातीच्या भांड्यात! १९११ साली इंग्लंडच्या दौऱ्यावर याच बाळूंनी ११४ बळी मिळविले. तरीही हिंदूंच्या संघाचे कर्णधारपद त्यांच्या वाट्यास आले नाही. ते १९२३ साली त्यांचे बंधू विठ्ठल यांना लाभले आणि त्या वर्षी हिंदूंनी चौरंगी सामने जिंकले.

१९३७ च्या निवडणुकीत बाळू हे बाबासाहेबांच्या विरुद्ध उभे राहिले होते, याची आठवण काही वाचक करून देतील. आम्हीही ते विसरलेलो नाही. राजकारणातील मतभेद राजकारणाच्या जागी. मैदानावरील सत्य मैदानाच्या जागी. ते सत्य असे की, बाळूंसारखा गोलंदाजसुद्धा खेळपट्टीवर रूळ फिरविण्याच्या निमित्तानेच मैदानात प्रवेश करू शकला. त्यांचा गुण झाकला नाही हे खरे; पण ज्यांना रूळ फिरविण्याची चाकरीही मिळाली नाही, अशा किती बाळूंचे गुण पुण्याच्या मातीत झाकले गेले, याची मोजदाद कोण देणार? योगायोगाने प्रवेश मिळणे ही कृपा होय. नियमाने प्रवेश मिळणे हा हक्क होय. आम्ही कृपेचे याचक नाही.

यावर महाविद्यालयांचे चालक तीन आक्षेप घेतात.

पहिला आक्षेप, ‘आजकाल सर्व जण मोबाईलवर असतात, ग्रुप पुरेसा आहे.’ ग्रुपात कोणाला घ्यावयाचे हे ग्रुप चालविणारा ठरवितो. तो खाजगी वाड्यातील आड आहे. संकेतस्थळ हा सार्वजनिक पाणवठा आहे. तेथे कोणाचीही परवानगी न घेता पाहता येते आणि काय लिहिले होते, कोणत्या तारखेस लिहिले होते, याचा पुरावा राहतो.

दुसरा आक्षेप, ‘यासाठी पैसा कोठून आणावयाचा?’ महाविद्यालयाचे संकेतस्थळ आधीच अस्तित्वात आहे. तांत्रिक शिक्षण परिषदेच्या नियमाप्रमाणे अभियांत्रिकी महाविद्यालयांना आपली आवश्यक माहिती त्यावर प्रसिद्ध करावीच लागते. त्यात क्रीडासंघाचे एक पान चालते-बोलते ठेवावयास पैसा लागत नाही, इच्छा लागते. शिवाय जिमखाना-फी म्हणून जी रक्कम घेतली जाते, ती केवळ संघात निवडलेल्यांकडून घेतली जात नाही. ज्याच्याकडून फी घेतली, त्याला चाचणीची तारीख कळविणे हे उपकार कसे ठरतात?

तिसरा आक्षेप सर्वांत लबाड आहे. ‘जाहिरात केली तर नको ती गर्दी होते, दर्जा खालावतो.’ हा आक्षेप आपल्या ओळखीचा आहे. शाळेच्या दारात, कचेरीच्या दारात, विहिरीच्या काठावर तो आपण ऐकलेला आहे. आमचे उत्तर एका वाक्यात आहे : चाळीसांतून बारा निवडलेला संघ हा चौदांतून बारा निवडलेल्या संघापेक्षा बलवान असतो. दर्जाची एवढी काळजी असेल, तर गर्दीचे स्वागत करा.

हे अशक्य आहे असेही नाही. आपल्याच भागातील अभियांत्रिकीचे विद्यार्थी शर्यतीच्या मोटारी स्वतः बांधतात आणि बाहा, फॉर्म्युला भारत यांसारख्या स्पर्धांत उतरतात. अशा संघांना पुरस्कर्ते हवे असतात, म्हणून ते स्वतःची संकेतस्थळे नेटकी ठेवतात. कोणता विद्यार्थी कोणते काम करतो, नवे सभासद केव्हा घेतले जातील, मागच्या मोटारीत काय बिघडले होते, हे सर्व तेथे मांडतात. जे कारखानदारांच्या पैशासाठी सुचते, ते कामगाराच्या मुलाच्या प्रवेशासाठी का सुचू नये? मात्र या संघांनाही आमचे एक सांगणे आहे. सभासदाला स्वतःच्या खिशातून किती वर्गणी द्यावी लागेल, हे पहिल्याच ओळीत लिहा. आणि ज्याला ती देणे शक्य नाही त्याच्यासाठी काय सोय आहे, हे दुसऱ्या ओळीत लिहा. निवड झाल्यावर रकमेचा आकडा ऐकून गुपचूप मागे फिरणारा मुलगा कोणाचा असतो, हे आपण जाणता.

अमेरिकेतील महाविद्यालयांची उदाहरणे आपल्याकडचे चालक मोठ्या कौतुकाने देतात. तेथील क्रीडा-संकेतस्थळांवर प्रत्येक संघाचे स्वतंत्र पान असते. प्रत्येक खेळाडूचे नाव, उंची, खेळण्याची जागा, त्याचे गाव आणि पूर्वीची शाळा तेथे छापलेली असते. आणि ‘मला या संघात खेळावयाचे आहे’ असे मार्गदर्शकास कळविण्याचा अर्जही तेथेच असतो. यातील गाव आणि शाळा या दोन रकान्यांचे मोल आम्हाला विशेष वाटते. आपल्याच वस्तीजवळच्या महापालिकेच्या शाळेचे नाव संघाच्या यादीत वाचले म्हणजे आठवीतील मुलगी म्हणते, ‘मग मीही जाईन.’ कोणत्याही भाषणाने हे काम होत नाही. तथापि अमेरिकेचे सर्वच डोळे झाकून उचलू नये. तेथे खेळाडूंच्या नावावर आणि चेहऱ्यावर महाविद्यालयांनी अनेक दशके अमाप पैसा मिळविला आणि त्या खेळाडूंना त्यातील वाटा नाकारला. स्वतःच्या नावाचा व चेहऱ्याचा मोबदला घेण्याची मुभा त्यांना १ जुलै २०२१ पासून मिळाली. महाविद्यालयांकडून थेट वेतन मिळण्याची वाट तर २०२५ साली न्यायालयीन तडजोडीने मोकळी झाली. संकेतस्थळ खेळाडूला बोलाविते, तसेच ते खेळाडूला विकूही शकते. म्हणून खेळाडूचे चित्र त्याच्या संमतीवाचून छापू नये, मुलींचे दूरध्वनी व पत्ते तर कदापि छापू नयेत आणि कोणाचीही जात यादीत येऊ नये.

मग संघाच्या पानावर असावे तरी काय? आमची मागणी स्पष्ट आहे. निवडचाचणीची तारीख, वेळ व जागा किमान पंधरा दिवस आधी. मराठीत आणि इंग्रजीत. साध्या मोबाईलवर उघडेल अशा रीतीने. निवड कोण करणार आणि कोणत्या कसोटीवर करणार, याचा खुलासा. बूट, पोशाख, प्रवासखर्च कोण देणार, याचा स्पष्ट उल्लेख. कारण शंभरातील अनेक मुले बुटांच्या प्रश्नापाशी थांबतात आणि विचारावयास लाजतात. मुलींसाठी सरावाची वेळ आणि कपडे बदलण्याची सोय. निवड झालेल्यांची यादी. तक्रार कोणाकडे करावयाची त्या अधिकाऱ्याचे पद. आणि अखेरीस सामन्यांचे वेळापत्रक व निकाल. जिंकलेल्यांचे आणि हरलेल्यांचेही. जो संघ पराभव लपवितो त्याच्या विजयावर कोण विश्वास ठेवील?

वेळापत्रकाचा आग्रह आम्ही प्रेक्षकांसाठी धरतो. महाविद्यालयांचे सामने रिकाम्या मैदानावर होतात, अशी हाकाटी आहे. पण आपल्या वस्त्यांत जयंतीनिमित्त दिव्यांच्या प्रकाशात कबड्डी रंगते, तेव्हा उभे राहावयास जागा मिळत नाही. प्रेक्षक आहे, त्याला बोलावणे नाही. सामना कोठे, किती वाजता, स्थानकावरून किती चालावे लागेल, एवढे लिहिले तर दुसऱ्या पाळीला जाणारा बाप सकाळचा सामना पाहून जाईल. प्रेक्षक म्हणजे नुसत्या टाळ्या नव्हेत. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकसाठी खाशाबा जाधव निघाले, तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले आणि गावकऱ्यांनी वर्गणी गोळा केली. कांस्यपदक घेऊन ते परतले, तेव्हा शंभराहून अधिक बैलगाड्या त्यांच्या स्वागतास निघाल्या. ज्या संघाला लोक ओळखतात, त्या संघाच्या खेळाडूला लोक वाऱ्यावर सोडीत नाहीत. याची दुसरी बाजूही ध्यानी असू द्या. २०२१ साली टोकियो येथे हॉकीच्या उपांत्य सामन्यात भारतीय महिला हरल्या, तेव्हा वंदना कटारिया या खेळाडूच्या हरिद्वारजवळच्या घरापुढे फटाके वाजवून जातिवाचक अपशब्द उच्चारले गेले. त्याच स्पर्धेत दक्षिण आफ्रिकेविरुद्ध तिने तीन गोल केले होते! प्रेक्षक जमविणाऱ्या संघाने आपल्या खेळाडूच्या पाठीशी उभे राहण्याची जबाबदारीही पत्करली पाहिजे. विजयाच्या दिवशी चित्र छापणाऱ्या पानावर अपमानाच्या दिवशी निषेधही छापला गेला पाहिजे.

आता दोन शब्द आपल्याच घरांना. दोष सर्वस्वी दुसऱ्यांचा आहे, असे सांगून आपली पाठ थोपटणे आमच्या स्वभावात नाही. ‘आधी शीक, मग खेळ’ असे आपण मुलाला सांगतो. या वाक्यामागील भीती आम्हाला समजते; एका पिढीने उपाशी राहून मिळविलेले शिक्षण मैदानावर सांडेल, ही ती भीती आहे. पण शिक्षण आणि खेळ यांचे वैर कोणी लावून दिले? संघात खेळणारा मुलगा वेळ पाळावयास शिकतो, हरावयास शिकतो आणि ज्यांच्या घरी त्याने कधी पाणी प्यालेले नाही त्यांच्या खांद्याला खांदा लावावयास शिकतो. मुलीच्या बाबतीत तर आपली कंजुषी अधिकच मोठी. मुलगा उशिरा आला तर सराव होता म्हणावयाचे आणि मुलगी उशिरा आली तर दार लावून घ्यावयाचे, हा समतेचा कोणता पाठ? विहारात एक बोलावयाचे आणि उंबरठ्यावर दुसरे वागावयाचे, हे आपणास शोभत नाही.

म्हणून आमचे सांगणे कृतीचे आहे. या आठवड्यात आपल्या मुलाच्या किंवा मुलीच्या महाविद्यालयाचे संकेतस्थळ घरी सर्वांनी मिळून उघडा. क्रीडाविभागाचे पान शोधा. त्यावर शेवटची तारीख कोणती आहे ते पाहा. चाचणीची सूचना नसेल, तर प्राचार्यांस व शारीरिक शिक्षण संचालकांस सभ्य भाषेत, पण लेखी पत्र द्या आणि पोच घ्या. शासकीय किंवा अनुदानित महाविद्यालय असेल, तर २००५ च्या माहिती अधिकार कायद्याचे कलम ४ त्यांना आठवून द्या. मागितल्यावाचून माहिती प्रसिद्ध करण्याचे कर्तव्य त्या कलमाने त्यांच्यावर घातले आहे. विहारातील तरुणांनी परिसरातील महाविद्यालयांच्या चाचण्यांच्या तारखा गोळा करून विहाराच्या फळ्यावर लिहाव्यात. आणि आपल्या घरचा खेळाडू संघात निवडला गेला, तर त्याने तेवढ्यावर समाधान मानू नये. पुढच्या वर्षी सूचना सर्वांना पोहोचेल हे पाहणे ही त्याची जबाबदारी आहे. जो आत गेल्यावर दार ओढून घेतो, तो बाहेर उभे असतानाचे आपलेच दुःख विसरतो.

त्या चढाईपटूचे काय झाले, असे आपण विचाराल. तो या वर्षी पुन्हा चाचणीची वाट पाहत आहे आणि रोज सकाळी कारखान्याकडे जाणाऱ्या रस्त्याने धावतो आहे. त्याची तयारी पुरी आहे. तारीख कळविण्याचे काम तेवढे महाविद्यालयाचे राहिले आहे, आणि ती त्यांच्याकडून मागून घेण्याचे काम आपले.

जयभीम.